मागच्या भिंतीतून आलेला पाहुणा

आदरणीय टुंडुपमामा,

भाचा रिंचेन याचा कमरेत वाकून जुले. मामींच्या कंबरेला वरच्या कुरणात उतार पडला असेल, झोमो भरपूर दूध देत असतील, आणि त्या तांबडीची लाथ वयानं जरा मवाळ झाली असेल, असं मी रोज मनात म्हणतो. तुमचा दात पडला की अजून हलतोच आहे? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. ("खुशाल" लिहायला घेतलं होतं, पण "जिवंत" जास्त खरं आहे.) जव पिवळा पडायला लागलाय. घर उभं आहे. म्हणजे पुष्कळसं उभं आहे, त्याबद्दल पुढं येईलच. मीठ घेऊन वर निघालेल्या पुंचोकबरोबर हे पत्र देतोय. त्यानं तोंडी काही सांगायला सुरुवात केली तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. त्यानं काहीही पाहिलेलं नाही.

मामा, भित्र्या माणसानं वाटाड्याचा धंदा करू नये, असं तुम्ही लोसारला, नव्या वर्षाच्या जेवणात, सगळ्यांसमोर म्हणाला होतात. मी तेव्हा मान डोलावली, कारण मला तुमचीही भीती वाटते. पण खरं सांगतो, या धंद्यात भीतीचा उपयोग होतो. घाटात वळण आलं की आमचा ड्रायव्हर उर्ग्यान (नुब्राचा आहे, गाडी उत्तम चालवतो, फक्त बोलताना ज्याच्याशी बोलतोय त्याच्याकडे बघतो, आणि तो मागे बसलेला असला तरी बघतो) मान वळवतो, आणि मी डोळे मिटून मोठ्यानं मंत्र म्हणायला लागतो. पाहुण्यांना वाटतं, हा कार्यक्रमाचाच भाग. ते माझा आवाज टिपून घेतात. परक्या देशांतल्या किती घरांत आज माझी घाबरगुंडी वाजत असेल, देव जाणे.

या खेपेला चौघे होते. तिघे फोटो काढणारे, म्हणून त्यांच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. चौथ्या हेल्गाबाई. निवृत्त शिक्षिका, काठीसारख्या सरळ, आणि प्रत्येक गोष्टीला "का?" विचारणाऱ्या. अशा बाईंना गोम्पातल्या रक्षक देवतेच्या अंधाऱ्या खोलीत नेऊ नये, हे मला कळायला हवं होतं. देवतेचं तोंड वर्षभर कापडानं का झाकतात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिची नजर उग्र आहे, सोसत नाही. त्या नीट बघायला दोन पावलं पुढं झाल्या. तिथं लोण्याच्या दिव्यांचा धूर, शंभर वर्षांची धूळ. त्यांना शिंक आली. मामा, अशी शिंक मी माणसाची ऐकलेली नाही. कापड उडालं. मी लगेच जमिनीवर पालथा पडलो (पाहुणेही पडले, त्यांना वाटलं अशीच रीत), त्यामुळे देवतेनं कुणाकडे पाहिलं ते मला ठाऊक नाही. पण बाहेर आल्यावर माझ्या मानेवर कुणीतरी फुंकर घालतंय असं वाटत राहिलं ते अजून वाटतंय. उर्ग्यान म्हणाला, वारा आहे. वाऱ्याला उर्ग्यान काय ओळखतो.

आणि त्याच दुपारपासून सगळं फिरलं. कंपनीच्या कागदावर "अस्सल झंस्कारी कुटुंबात मुक्काम" असं छापलेलं असतं. ज्या घरी ठरलं होतं तिथले आजोबा त्याच सकाळी वारले. दारात लामा, चुलीवर भली मोठी भांडी, पोरीसोरी रडताहेत. तिथं तीन कॅमेरे घेऊन कसा जाऊ? ऊन कलायला लागलं होतं, आणि जवळचं दुसरं अस्सल कुटुंब म्हणजे, मामा, तुमचं.

इथे जरा थांबून श्वास घ्या. परका माणूस माझ्या घरात शिरला तर आधी त्याच्या आणि मग तुझ्या तंगड्या मोडीन, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. पण तुम्ही दोघं वर कुरणात. घरी एकट्या चोस्डोनमावशी, आणि त्या तर भिक्षुणी, दारी आलेल्याला नाही म्हणणार नाहीत. म्हटलं, एका रात्रीचा प्रश्न. फक्त एक अडचण होती. एकटी भिक्षुणी म्हणजे कुटुंब नव्हे, आणि हेल्गाबाईंनी गाडीतच विचारलं होतं की घरधनी कसे आहेत. म्हणून, मामा, आम्ही उर्ग्यानला तुम्ही केलं. तुमचा तो मरून रंगाचा पायघोळ गोंचा (खुंटीवरचा, पेटीतल्या चांगल्याला हात लावला नाही, शपथ) त्याला घातला, कमरेला पट्टा बांधला, आणि सांगितलं की तू टुंडुप, फार बोलायचं नाही, कपाळाला आठ्या घालून बसायचं. त्यानं ते छान केलं असं मला वाटलं. हेल्गाबाई माझ्या कानात म्हणाल्या, "हे तुमचे मामा प्रेमळ दिसतात." तेव्हाच मला कळलं, काहीतरी चुकतंय.

मावशींना आम्ही यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्या हल्ली माणूस आवाजावरून ओळखतात, हे मला आल्याआल्याच जाणवलं. चहा ओतताना पेल्याच्या कडेला बोट लावून ठेवतात. मी विचारलं तर म्हणाल्या, धूर डोळ्यांत जातो. चूल विझलेली होती. पण ते पुढं.

सूर्य डोंगराआड गेला, मावशी पूजेच्या खोलीत दिवा लावायला गेल्या, आम्ही स्वयंपाकघरात बसून पाहुण्यांना खारा चहा कसा प्यावा ते शिकवत होतो, आणि मागच्या कोठारात धप्प झालं. मग माती पडल्याचा आवाज. मग कुणीतरी नाकानं जोरात श्वास घेतल्याचा. उर्ग्यानचा चेहरा त्याच्या गोंच्यापेक्षा, म्हणजे तुमच्या गोंच्यापेक्षा, फिका पडला. तो आमच्या भाषेत हळूच म्हणाला, "अस्वल." आणि उठला. घरधन्यानं पाहुण्यांना आधी जाऊ द्यावं, ही रीत नुब्रात नसावी. शिडीवर पहिला तो, दुसरा मी. पण मामा, मी मध्ये थांबलो. मागे वळून पाहुण्यांना म्हणालो, आमच्याकडे सूर्य मावळला की सगळं घर छपरावर जाऊन डोंगराला नमस्कार करतं, चला, लवकर, फार जुनी रीत आहे, पळत जायचं असतं. चौघंही पळत आले. वर गेल्यावर आम्ही शिडी ओढून घेतली. हेल्गाबाईंनी विचारलं, का? मी म्हटलं, तीही रीतच आहे.

छपरावर सगळे डोंगराकडे तोंड करून हात जोडून उभे. खालून पोती फाटल्याचा आवाज येतोय, लोणी भरलेली कातडी टराटरा ओढल्यासारखा, आणि मी आवाज झाकायला जेवढे आठवतील तेवढे मंत्र म्हणतोय. मागच्या वर्षी पलीकडच्या गावात अस्वलानं भिंत फोडून एका म्हाताऱ्याचा खांदा कसा उकलला, ते मी स्वतः पाहिलंय. तो खांदा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. तेवढ्यात हेल्गाबाईंनी आणखी एक "का" विचारला. म्हणाल्या, "सगळं घर वर येतं म्हणालात. मग त्या भिक्षुणी का नाही आल्या?"

मामा, तोपर्यंत मला मावशींची आठवणसुद्धा झाली नव्हती.

मी उर्ग्यानकडे पाहिलं, उर्ग्याननं डोंगराकडे पाहिलं. मी शिडी खाली सोडली. दोन पायऱ्या उतरलो, परत वर आलो. पाहुण्यांना म्हटलं, ही नमस्काराची दुसरी पद्धत. मग पुन्हा उतरलो. हातात काय घेतलंय म्हणून बघितलं तर चहाचा रिकामा पेला. आई लहानपणीच गेल्यावर मला ज्यांनी पाठीवर घेऊन शेतात नेलं त्या खाली आहेत, एवढं एकच डोक्यात होतं. आणि तरीसुद्धा पाय पुढं पडत नव्हते, हेही लिहितो, कारण तुम्ही विचारणारच.

बोळाच्या तोंडाशी पोचलो आणि थिजलो. कोठाराचं दार सताड उघडं, मागच्या भिंतीला हे एवढं भगदाड, त्यातून संध्याकाळचा उजेड, आणि त्या उजेडात दोन पायांवर उभं राहिलेलं अस्वल, तोंड साम्पाच्या, म्हणजे भाजलेल्या जवाच्या, पिठानं पांढरं. त्याच्यासमोर, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर, मावशी. हातात पळी. आणि त्या बोलत होत्या.

"टुंडुप, लाज वाटत नाही तुला? पावलं न वाजवता मागनं शिरतोस, आणि कोठारात उभ्याउभ्या चरतोस? बायको घालत नाही खायला? आंघोळ कधी केली होतीस शेवटची? वास बघ स्वतःचा. चार महिने झाले, बहीण मेली की जगली हे बघायला आला नाहीस, आणि आलास तो लोण्यासाठी. हो मागं. हो मागं म्हणते ना."

आणि मामा, ते मागं झालं. चार पायांवर आलं, मान खाली घातली, थोडं घुटमळलं, आणि ज्या भगदाडातून आलं त्यातूनच, कुल्ले अडकवत, निघून गेलं. मावशींनी दार ओढून कडी लावली, माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, "कोण, रिंचेन का? तुझ्या मामाला काही वळण नाही." मी भिंतीला टेकून खाली बसलो. पेला फुटला होता. कधी, कळलं नाही.

(त्यांना तसं का वाटलं असेल, यावर मी काही म्हणत नाही. अंधार होता.)

बाकी ठीक. भगदाड उर्ग्याननं आणि मी दगडमातीनं बुजवलंय, वर काटे रचलेत. पाहुणे दुसऱ्या दिवशी निघाले. जाताना हेल्गाबाईंनी उर्ग्यानचे दोन्ही हात धरून सांगितलं की एवढं देवभोळं कुटुंब त्यांनी कुठं पाहिलं नाही. त्याला खाली सोडून मी मात्र परतलो, आणि तेव्हापासून इथेच आहे. मामींना नमस्कार. तांबडीला माझी आठवण सांगू नका.

आपला आज्ञाधारक,
रिंचेन

ता. क. लोणी सगळं गेलं. पीठही बहुतेक गेलंच. ते तुम्हाला माफ करता येईल, पण खरी विनंती वेगळी आहे. मावशी तुमच्यावर रागावल्यात. टुंडुप येऊन माफी मागेपर्यंत नीट जेवणार नाही म्हणतात, दोन घास घेऊन ताट सारतात. ते तुम्ही नव्हता, हे त्यांना सांगायचं माझं धाडस होत नाही. सांगितलं तर काय दिसलं नाही हेही सांगावं लागेल. तेव्हा कृपा करून खाली या, आणि जे केलं नाहीत त्याची माफी मागा. आणि आलाच आहात तर त्यांना घेऊन लेहला डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. मी म्हटलं तर धूर म्हणतात. तुम्ही म्हटलंत तर भांडतील, पण येतील.

ता. क. दुसरा. पत्र बंद करत होतो तर मावशी दारात. म्हणाल्या, एवढा वेळ कागद खरडतोयस, वाच. मी उडवाउडवी केली, पण त्यांच्यापुढे माझी काय टाप. सगळं वाचलं, वरचा ताजा कलमसुद्धा. ऐकून त्या हसायला लागल्या ते थांबेनात. म्हणाल्या, "अरे, साठ वर्षं या घरात राहते. अस्वलाचा वास मला कळणार नाही? दिसलं काहीच नाही, नुसता काळा ढीग आणि श्वास. भीतीनं पळताही येईना. ओरडले असते तर फाडलं असतं त्यानं. मग विचार केला, आयुष्यात कोणता आवाज कधी वाया गेला नाही? टुंडुपला रागवायचा. त्या आवाजापुढं तो अजून कधी उभा राहिलेला नाही."

मी म्हटलं, मग जेवत का नाही? त्यावर त्यांनी पळी कुठं ठेवली ते हातानं चाचपलं आणि म्हणाल्या, "हे तू लिहू नकोस. रागावलीय एवढंच लिही. रागावलीय म्हटलं तर तो येईल."

म्हणून मामा, त्या रागावल्यात. फार रागावल्यात. या.