नात्याचा रकाना

ता. ११, मंगळवार

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचून आठ दिवस झाले. आधी एकेकाची विचारपूस करू दे, मग बाकीचं. मेहुण्यांचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कठडा धरून कण्हतात की नुसतंच तोंड वाकडं करतात? त्यांना म्हणावं, गुडघा आणि जुनं दार सारखंच, वापरात राहिलं की कुरकुर कमी. सूनबाईंना सातवा लागला असेल. पाय सुजत असतील तर उशीवर ठेवून पडायला सांग. मोठ्या नातवाचा कान वाहत होता, तो वाळला का? आणि तुझी साखर? तू "बरी आहे" लिहितेस, पण तुझं "बरं" मी लहानपणापासून ओळखतो. अंगात ताप फणफणत असला तरी तू बरीच असायचीस.

इकडे मी ठीक. खोकला आहे. निवृत्त होताना छापखान्याने मला दोन गोष्टी दिल्या, एक घड्याळ आणि एक खोकला. घड्याळ केव्हाच बंद पडलं. तुझा भाचा ओळखकार्डाच्या कचेरीत कायम झाला, खुर्चीला पाठ आली. तुझी वहिनी बरी आहे. बोलते कमी.

पत्रात तू दोनदा विचारलंस, धाकटा कसा आहे, त्याची काहीच खबर का नाही. सांगतो. त्यासाठीच बसलोय.

आपला धाकटा भाऊ गेले बारा दिवस जुन्या बसडेपोच्या शेडमध्ये आहे. तिथे आता पडताळणी केंद्र केलंय. ज्याच्याकडे कार्ड नाही आणि ज्याला आपला म्हणणारं कोणी पुढे आलं नाही, अशांना तिथे ठेवतात. पंचवीस तारखेपर्यंत रक्ताच्या कोणी लिहून दिलं नाही, तर गाडीत घालून लांबच्या छावणीत नेणार. कुठल्या, ते भाच्यालाही ठाऊक नाही. लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस, आधी पत्र पुरतं वाच.

तुला आठवत असेल, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की सरकारने कार्डाबद्दल गल्लोगल्ली लोकांचं मत मागवलंय. दवाखाना, धान्याचं दुकान, भाड्याची खोली, सगळीकडे कार्ड दाखवल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हे तुम्हाला पसंत आहे का? हो की नाही, चिठ्ठीवर खूण करून पेटीत टाकायची. गल्लीतली पेटी आमच्या ओट्यावर ठेवली होती. मीच केली, जाड पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना कापड लावून. लोक म्हणाले, "काका, एवढी सुबक पेटी झालीय की मत द्यायचं सोडून घरी न्यावीशी वाटते." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मतं म्हणशील तर सगळी एका सुरात. वाणी म्हणाला, "कार्ड नसलेला माणूस म्हणजे चिठ्ठी नसलेली बाटली. आत औषध आहे की विष, कसं कळायचं?" शाळेतल्या बाई म्हणाल्या, "कर नाही त्याला डर कशाला?" समोरच्या म्हातारीला दिसत नाही. तिने चिठ्ठी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "तुम्ही जे कराल ते माझं." मी "हो"वर खूण केली. अशा पंधरावीस जणांच्या मी केल्या. शहाणा म्हणून लोक मला विचारतात. वासरांत लंगडी गाय, दुसरं काय.

पेटी उघडली तेव्हा सगळ्या गल्लीत एकच "नाही" निघालं. त्या चिठ्ठीवर खुणेखाली एक ओळ लिहिलेली होती, "ज्याच्याकडे कागद नाही त्याने आजारी पडायचं कुठे?" अक्षर इतकं वळणदार की शाळेतल्या बाईंनी ते दोनदा वाचून दाखवलं. मंडळी हसली. वाणी म्हणाला, "पडायचं असेल तर पड बाबा, पण आमच्या दारात नको." मग प्रश्न निघाला की हे लिहिलं कोणी. कोणीतरी म्हणालं, धारवाला असेल, त्याला फार प्रश्न पडतात. म्हणजे आपला धाकटा. गल्लीत तो सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा एवढीच त्याची ओळख.

ती एवढीच का, हे तुला आईने अर्धंच सांगितलेलं असणार. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. बाबा गेले आणि मी हमालीला लागलो. शाळेत गेला तो धाकटाच, तोही फार उशिरा. चौथी पास झाला, पहिला आला. त्या वर्षी सरकारी छापखान्यात बांधणीखात्यात माणसं घेत होते, आणि त्यांना चौथीचा दाखला हवा होता. माझ्याकडे कुठला दाखला? मी घरात जन्मलो, माझी कुठे नोंदच नाही. आईने धाकट्याचा दाखला माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "तू मोठा, तुला आत्ता नोकरी लागेल. त्याला काय, हात चालतात, कुठेही पोट भरेल." त्या दिवसापासून कागदावर मी धाकट्याच्या नावाने जगतोय. आणि धाकटा कागदावर कोणीच नाही. अक्षरं मी पुढे छापखान्यात पानं दुमडता दुमडता शिकलो. शिकलेला तो, आणि शिकलेल्याची नोकरी मला.

आईनेच नियम घातला होता, घरात भाऊ, गल्लीत नाही. एकाच नावाचे दोघे भाऊ दिसले तर कोणीतरी विचारणारच. म्हणून तो दर रविवारी मागच्या दाराने यायचा आणि बाहेरून ओरडायचा, "वहिनी, धार लावायची आहे का?" मग आत येऊन जेवायचा. दर आठवड्याला धार लावून आमच्या घरातल्या सुऱ्या गवताच्या पात्यासारख्या पातळ झाल्यात. वहिनी म्हणायची, "भावोजी, आता भाजीच्या आधी बोट कापतं." तो म्हणायचा, "मग पुढच्या रविवारी लाटणं घेऊन बसतो."

पेटी ओट्यावर होती त्या रविवारी मी त्याला म्हटलं होतं, "तूही हो म्हण बाबा, सगळे म्हणतायत." तो म्हणाला, "दादा, मी सुरीला कधी विचारत नाही तू कोणाच्या घरची. बोथट झाली की धार लावतो." मी म्हटलं, सुऱ्या दवाखान्यात जात नाहीत.

आता दवाखान्याचं. महिन्याअखेरीस चाकावर त्याचा तळहात कापला. दोन दिवस फडकं बांधून तो कामच करत राहिला. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला आणि ताप भरला, तेव्हा गेला. कंपाउंडरने आजवर दहा वेळा तरी त्याला पट्टी बांधली असेल. या खेपेला म्हणाला, "कार्ड?" नाही म्हटल्यावर, "मग ओळख देणारं कोणी?" तापात माणसाला भान राहत नाही चिमणे. तो म्हणाला, "माझा थोरला भाऊ याच गल्लीत राहतो. छापखान्यातला. त्याला बोलवा."

मला बोलवायला आले. मी गेलो. रांगेत वाणी होता, शाळेतल्या बाई होत्या. कचेरीचा एक माणूस टेबलाशी वही उघडून बसला होता. धाकटा बाकावर भिंतीला टेकून बसलेला. मला पाहून त्याचा चेहरा असा सैल पडला, लहानपणी बाजारात हरवून सापडला होता ना, तसा. वहीवाल्याने विचारलं, "काका, हा तुम्हाला भाऊ म्हणतोय. तुमचा कोण?"

मी म्हटलं, "आमच्या गल्लीत धार लावायला येतो. ओळख तेवढीच."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग तोच वहीवाल्याला म्हणाला, "बरोबर आहे साहेब. तापात माणूस ओळखायला चुकलो. काका, तुम्हाला उगाच त्रास." मला काका म्हणाला. वाणी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघा, भल्या माणसाच्या गळ्यात कोणीही पडतं."

पट्टी मात्र बांधली त्याला, तेवढी माणुसकी आहे. मग डेपोत नेलं.

तुझी वहिनी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेली. फाटकावर वही असते, नाव लिहा, कोणाला भेटायचं लिहा, नातं लिहा. नात्याच्या रकान्यापाशी ती थांबली. घरून निघताना मी बजावलं होतं, काही लिहू नकोस. पहारेकरी म्हणाला, "बाई, रकाना रिकामा ठेवून आत जाता येत नाही." डबा परत आला. अन्न टाकवत नाही म्हणून तो मी खाल्ला. ती जेवली नाही. त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मीही एकदा डेपोसमोरून जाऊन आलो, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने. तो जाळीपाशी उन्हात बसून कोणाला तरी पत्र लिहून देत होता, डाव्या हाताने. रांग लागली होती त्याच्यापुढे. अक्षर तसंच असणार.

आता तुझ्यापर्यंत येतो. माझं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, पण तिथे पाच दिवस काढल्यावर तुझा पत्ता दिला. बहीण आहे, ती लिहून देईल म्हणाला. तुला वाटेल, देते लिहून, त्यात काय. भाच्याने मला समजावलं ते तुला सांगतो. तू "हा माझा भाऊ" लिहिलंस की ते बाबांच्या नोंदी काढणार. तिथे मुलगा एकच, आणि त्या मुलाच्या नावाचं कार्ड माझ्या खिशात. मग विचारणार, दोघांतला खरा कोण? खरा तोच आहे चिमणे. मी त्याच्या नावावर चाळीस वर्षं नोकरी केली, पेन्शन खातो, घर त्याच्याच नावाने घेतलं. भाच्याचं कार्ड माझ्या कार्डावरून निघालंय, त्याच्या पोरांचं त्याच्यावरून. भाचा म्हणाला, "बाबा, शिवण पहिल्या पानाशी तुटली की सगळं पुस्तक सुटतं, हे तुम्हीच मला शिकवलंत." एका धाकट्याला सोडवायला सात माणसं त्या शेडमध्ये जाणार. आणि त्याला बायको नाही, पोर नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. पण कुठल्यातरी ओठाला लागणारच.

तुला टपालाने येणारा फॉर्म भाच्याने कचेरीतूनच काढून आणलाय. सोबत जोडला आहे. कुठे काय लिहायचं ते मी बारीक पेन्सिलीने लिहिलंय. त्यावर शाई फिरव, वाळू दे, मग पेन्सिल हलक्या हाताने खोड, कागद चुरगळू नको. चौथा रकाना नीट बघ. "भाऊ किती?" तिथे एक. सातव्यात विचारलंय, सदर इसमास ओळखता का? तिथे नाही. मेहुण्यांना दाखवायची गरज नाही.

आणखी एक आहे. हे मी वहिनीलाही सांगितलेलं नाही. चिठ्ठीवरचं अक्षर पाहून "धारवाला असेल" म्हणणारं ते कोणीतरी, ते मीच. गमतीत म्हणालो. सगळे हसत होते, मलाही त्यांच्यात हसायचं होतं, आणि अक्षर मी नाही ओळखायचं तर कोणी? त्यानंतर वाण्याने त्याला उधार बंद केलं, बाईंनी शाळेच्या कात्र्या दुसरीकडे दिल्या, आणि कंपाउंडरने कार्ड मागितलं. गल्लीला त्याचा राग नव्हता गं. तो आहे हेच आधी कोणाच्या ध्यानात नव्हतं. ते मी आणून दिलं.

तू मला काय म्हणशील ते म्हण. पण आधी फॉर्म भर, मग म्हण. तू "ओळखते" लिहिलंस तरी मी तुला दोष देणार नाही. फक्त मला चार दिवस आधी कळव, म्हणजे भाच्याची पोरं त्यांच्या आजोळी पाठवता येतील.

हे पत्र टपालात टाकत नाही, पार्सलच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय. भला माणूस आहे, वाचता येत नाही त्याला. तो परवा उलट येईल, त्याच्याच हाती फॉर्म दे. वाचून झालं की पत्र जाळ.

सूनबाईंची काळजी घे. बाळ झालं की आठवड्याच्या आत नोंद करून घ्या, मागे ठेवू नका.

उत्तर लवकर लिही, पंचवीसच्या आत. आणि इथून पुढे पाकिटावर "थोरल्या दादास" लिहीत जाऊ नकोस. टपालवाला आता मोठ्याने वाचतो, आणि थोरला म्हटलं की लोक विचारतात, धाकटा कुठे असतो. नुसतं दादा लिही.

वाट पाहतो.

तुझा,
दादा