पाशाचं आरवणं

११ जानेवारी

पहाटे चारपासून आरवतोय. सातला शेजारची स्तामेनाताई कुंपणाशी हजर, कपाळाला फडकं बांधून. "वेल्का, त्याला तरी झोपव, नाहीतर मला तरी कायमची झोपव." म्हटलं, कानात कापूस घाल. "घातलाय गं. तुझा पाशा कापसातून ओरडतो." अडतीस वर्षांचा शेजार. ती खोकली तरी मी विचारायला जाते. आणि ही!

१४ जानेवारी

खोकं केलं. पाशा उभा राहील एवढंच उंच. मान ताणल्याशिवाय कोंबड्याला नीट आरवता येत नाही, सासूबाई सांगायच्या. अंधार पडला की आत, वर घोंगडी, पाचला बाहेर.

हातोडीने अंगठा सुजलाय.

१५ जानेवारी

चारला आरवला. घोंगडीतून.

१७ जानेवारी

जुन्या मोज्याची पट्टी कापून गळ्यात बांधली, आत एक बोट जाईल इतकी सैल. तर हा उलटा चालायला लागला — मागे, मागे, आणि थेट पाण्याच्या भांड्यात बसला. मी हसले. मग हसल्याचा राग आला. आता आवाज निम्मा झालाय, पण दिवसाही घोगरा. ऐकवत नाही.

सगळ्या अंड्यांतून हा एकटाच निघाला होता. चुलीशेजारी बुटांच्या खोक्यात वाढवला. स्वयंपाकघरात माझ्या मागे मागे फिरतो. पण पाळला कशासाठी ते लिहून ठेवते, नाहीतर मीच विसरेन. दोन फेब्रुवारीसाठी. घरात मुलगा असेल तर कोंबड्याच्या सणाला त्याच्या जिवासाठी कोंबडा द्यायचा आणि रक्ताचं बोट फाटकावर ओढायचं. माझा कालोयान छत्तीस वर्षांचा घोडा झालाय, पण एक वर्ष चुकवलेलं नाही. स्तामेनाला दोघी मुलीच. तिच्या फाटकाला कधी डाग लागला नाही.

२१ जानेवारी

सरपंच आला. तक्रार आहे म्हणे. कोणाची ते सांगेना, जशी काही मी दूधखुळीच. कॉफी प्यायला, चीज भरलेल्या दोन गरम बनित्सा हाणल्या आणि वर म्हणतो, "वेल्काकाकू, बाराच दिवस राहिले. सणाला कापालच की. मिटलं." सगळ्यांचं मिटलं. सुरी मी धरायची.

२५ जानेवारी

कालोयानचा जर्मनीहून फोन, तीन आठवड्यांनी. सणाला येत नाही. कारखान्यात माणसं कमी आहेत. बरं. पुढे म्हणतो, "आणि आई, माझ्या नावानं त्या पक्ष्याला मारू नकोस. इथे कोणाला सांगायचीसुद्धा लाज वाटते."

लाज! तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणी झोपेतून दचकून रडायचास, तेव्हा सणाच्या कोंबड्याच्या पिसाची धुरी दिली मी आणि स्तामेनाताईने. मी डेअरीत कामावर, तू दिवसभर तिच्या ओसरीत. तेव्हा नाही वाटली लाज? — हे काहीच बोलले नाही. फोन ठेवला.

ठीक आहे. नाही कापत.

३० जानेवारी

स्तामेनाने विचारलं, "सुरीला धार लावलीस का?" म्हटलं, लावणारच नाही. रागात सगळं सांगून टाकलं, फोनसकट. ती म्हणाली, "पोराचा राग पोरावर काढ. सण कशाला चुकवतेस?" म्हटलं, पोर माझं आहे, मी बघेन.

"हो. तुझंच आहे," म्हणाली आणि घरात गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी

गल्लीत सगळ्यांनी कापले. मी दार लावून दिवसभर घरात. पाशा पायाशी. सुरी दोनदा काढली, दोनदा ठेवली. कालोयानचा राग येतो, सरपंचाचा येतो, स्तामेनाचा येतो, सगळ्यात जास्त माझा येतो. आणि भीती वाटते. पोरगा दिवसभर यंत्रांमध्ये हात घालतो.

आता खोक्यावर दोन घोंगड्या टाकल्यात. पट्टी घट्ट केली. आजवर लोकांच्या झोपेसाठी झाकत होते. आता गल्लीत हा एकटाच उरलाय. आरवला की सगळ्यांना कळेल, वेल्काने मुलासाठी कोंबडा दिला नाही. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?

पट्टी परत सैल केली. श्वास तरी घेऊ दे त्याला.

३ फेब्रुवारी

चारला आरवला. एकटाच, साऱ्या गल्लीभर.

सातला फाटक उघडायला गेले. फाटकावर डाग. कालचा, वाळलेला, माझ्या डोक्याच्याही वर — तिथवर हात पोचणारी एकच बाई आहे या गल्लीत. खाली फडक्यात गुंडाळलेला टोप, गव्हाच्या भरडीत शिजवलेला कोंबडा. स्तामेना कुंपणाशी उभी. डोळे सुजलेले. "बाजारातून आणला. कधी कापला नव्हता गं मी. त्याला पाचपर्यंत तरी झाकून ठेवत जा."

मला विचारलंसुद्धा नाही.

सहापर्यंत झाकेन.