आजोबांच्या रायफलीला न झेपणारी काडतुसं

वेंडेल,

आजोबांची रायफल शोधू नकोस. ती माझ्या गाडीत आहे आणि मी मिसूलाला आईकडे चाललेय. तुमच्या घराण्यात पहिलं हरीण त्याच रायफलीने मारायचं असतं, ठाऊक आहे मला. पण उद्या ती आपल्या लेकराच्या, एडीच्या खांद्याला लागणार, आणि तू तिच्यासाठी तुझ्या नव्या रायफलीची जबर काडतुसं काढून ठेवलीस? अरे, आत बसतात म्हणून त्या म्हाताऱ्या लोखंडाला तेवढा दाब सोसतो का? किती वेळा डोकं फोडायचं मी? हलकी काडतुसं भर, मग रायफल परत आणते.

तुझ्या बाबांचा डोळा बर्फावर पडून गेला, असं तुझी आई जन्मभर लोकांना सांगत राहिली. एडीबद्दल मी तसं खोटं सांगणार नाही.

कोरा