बाटलीवरचं बोट

ता. १४, मंगळवार

धाकट्या,

आशीर्वाद. कसा आहेस ते विचारत नाही, बाटल्या खपतायत म्हणजे बराच असशील. आम्ही इकडे ठीक आहोत असं पत्रात लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. तुझ्या दुकानात फोन केला की एक बाई बोलते, कुत्र्यासाठी एक दाबा, कोंबडीसाठी दोन दाबा. बहिणीसाठी काय दाबायचं ते काही ती सांगत नाही. म्हणून पेन धरलं. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझं खोकं पोचलं. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं. लसूण घातलेल्या व्हिनेगरची बाटली, कडू पाल्याची पूड, राखेचा पुडा, आणि वर छापील कागद. पाणी रोज बदला, खुराडं कोरडं ठेवा, कोंबड्यांना राखेत लोळू द्या. अरे, हे तुला शिकवलं कुणी? आईनंच ना? खुराडं झाडायची वेळ आली की तू नाक धरून पळायचास. आता तिचंच राखेचं औषध पुड्यात भरून तिलाच पाठवतोस. उंटावरून शेळ्या हाकायच्या, त्या शेळ्याही आमच्याच.

लाल कोंबडीचा पाय सुजला होता, तळव्याला गळू झालं होतं. आईनं कोमट मिठाच्या पाण्यात तिचा पाय धरून ठेवला, गळू मऊ झाल्यावर आतली गाठ काढली, फडकं बांधलं, खाली मऊ भुसा घातला. आता ती अंगणभर मिरवते. तुझ्या औषधाचा एक थेंब लागला नाही. हे छाप तुझ्या कागदावर.

तीच लाल कोंबडी तुझ्या बाटलीवर आहे. तू तिला पोटाशी धरून हसतोयस. फोटो आपल्याच अंगणातला. तुला ती टोचत होती, म्हणून बाजूनं आईनं धरली होती. मग आईला तू कापून टाकलंस. पण कोंबडीच्या पोटाखाली तिचं एक बोट राहून गेलंय. तू बघितलंही नसशील. ती मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, दूधवाल्यालाही सोडत नाही. "हा माझा मुलगा. आणि ही मी."

बाटली तिच्या उशाशी असते. कोंबड्यांना देत नाही.

ती स्वतः पिते. रोज सकाळी चमचाभर. मी ओरडले, अगं, ते कोंबड्यांचं आहे. तर म्हणते, "माझ्या पोरानं केलंय. आईला वाईट असेल का?" तिची साखर वाढलीय, त्याच्या गोळ्या मी रोज तिच्या हातावर ठेवायचे, ती माझ्यादेखत तोंडात टाकायची. परवा गादी उन्हात घालायला उचलली, तर खालून त्या गोळ्या घरंगळत आल्या.

आणि तिचा पाय. खुराड्याचा पत्रा अंगठ्याला लागला होता, मला सांगितलं नाही. कोंबडीचं झालं की त्याच घमेल्यात, त्याच पाण्यात ती आपला पाय सोडून बसायची. "तिचा नाही का बरा झाला?" अंगठा काळा पडलाय. वास येतो. तिला दुखत नाही, आणि डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, हेच वाईट. अंगठा काढावा लागेल. उशीर केला तर पाय.

काल दारात रिक्षा आणली, तर ही कोंबड्यांना दाणे टाकत बसली. "त्याला विचार. त्याला औषधातलं कळतं. तो जा म्हणाला तर जाते." तिला न्हाऊ घालते मी, नखं काढते मी, आणि कळतं तुला. माझ्या घशाखाली हे उतरत नाही. पण माझ्या रागापायी तिचा पाय जाऊ देऊ?

फोनवर सांगू नकोस. तिला ऐकू कमी येतं, आणि फोनवर तू नुसतं गोड बोलतोस. ये. तिच्यासमोर खाली बस. पाय हातात घे, नाक धरू नकोस. आणि तुझ्या तोंडानं सांग की बाटलीतलं कोंबड्यांचं आहे, त्यानं माणूस बरा होत नाही. गोळ्या घे म्हणावं, दवाखान्यात चल म्हणावं. एवढ्यानं तुझा धंदा बुडत असेल तर बुडू दे.

पत्र टपालात टाकत नाही. दूधवाल्याचा भाऊ उद्या तुझ्या गावाला निघालाय, तो दुकानात आणून देईल. उत्तर घेतल्याशिवाय तो उठणार नाही. तसाही तो बसला की उठत नाही.

गुरुवारी सकाळी रिक्षा परत सांगितली आहे. तू आलास तर आई आपल्या पायानं चढेल. नाही आलास तर मी तिला उचलून घालीन आणि तिच्या शिव्या जन्मभर खाईन. पण मग या अंगणात तुला पाऊल ठेवू देणार नाही, फोटोपुरतंसुद्धा.

येताना बाटली आणू नकोस.

फोटोत बोटभरही नसलेली,
तुझी ताई