पहिला पीस

बोम्मसंद्रा, बेंगळुरू,
शनिवार दुपार

प्रिय प्रांजली,

एकाच घरात राहून आई पत्र काय लिहिते, म्हणून हसू नकोस. तू बाहेरच्या खोलीत लॅपटॉपपाशी बसली आहेस आणि मी ओट्याशी उभी राहून, तुझ्याच जुन्या वहीत हे लिहिते आहे. समोर बसून बोलायला गेले तर मला रडू येईल, आणि मी रडले की तू लगेच माझीच बाजू घेशील. गेल्या रविवारी तेच झालं. जपानच्या नोकरीचं पत्र तू मला वाचून दाखवलंस. दोन वर्षांचं काम, उत्तर येत्या सोमवारपर्यंत. आणि मी म्हणाले, विमानं पडतात, तू वर असलीस की इथे माझं बीपी वर जाईल, काही जायचं नाही. तू 'सरी आई, ठीक आहे' म्हणालीस आणि भांडी घासायला उठलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं गं.

आता एक खरं सांगते. बुधवारी मी बेळगावला ठकुमावशीकडे गेले, ती बसनं नाही. विमानानं गेले. हवं तर परत वाच. हैदराबादच्या मुलाखतीलाही तुला रेल्वेनं पाठवणारी तुझी आई, छप्पन्नाव्या वर्षी एकटी विमानात बसली. आमच्या कारखान्याच्या स्टोअरमधल्या जितेंद्रनं मोबाइलवर तिकीट काढून दिलं. त्याला शपथ घातली होती, म्हणून तुला कळलं नाही.

कारखान्यातलं माझं काम तुला माहीतच आहे. मशीन लावलं की पहिला पीस माझ्या टेबलावर येतो. मी तो मापते, सही करते, मगच पुढचे हजार निघतात. मालक येऊन उभे राहिले तरी माझ्या सहीशिवाय मशीन चालत नाही. एकवीस वर्षं हा तोरा मिरवते आहे. आणि पोटच्या पोरीनं जायचं की नाही, हे मात्र मी टीव्हीवरच्या बातम्या बघून ठरवलं. सोमवारपासून ते मला टोचत होतं. म्हटलं, महानंदाबाई, इथे पहिला पीस तुम्हीच.

विमानतळावर शिरतानाच फजिती झाली. पर्समध्ये माझी नेहमीची फीलर गेज होती, फटी मापायच्या पातळ पोलादी पात्यांचा तो जुडगा. यंत्रातून पर्स गेली आणि वर्दीतली मुलगी धावत आली. मी तिला सांगते आहे, 'बेटा, इससे गॅप नापते हैं', आणि ती एकेक पातं उघडून माझ्याकडे बघते आहे. शेवटी ठेवूनच घेतली. एवढ्या मोठ्या विमानाची तपासणी करायला निघाले आणि हत्यार दारातच गेलं.

आत जाऊन खिडकीशी बसले. पट्टा काही लागेना. शेजारी भीमाचार्य म्हणून बेळगावचे एक भटजी होते, बेंगळुरूत वास्तुशांत करून परत चालले होते. त्यांनी तो खटकन लावून दिला आणि झोपूनही गेले. मी आलेपाकाची वडी तोंडात धरली आणि श्वास मोजायला लागले, चार आत, चार बाहेर. विमान धावलं तशी पाठ खुर्चीला चिकटली. सगळं थडथडत होतं, आणि मग एकदम थडथड थांबली. आवाज बदलला म्हणून खाली बघितलं, तर जमीन सुटलेली. पोट खालीच राहिल्यासारखं झालं आणि कान गच्च बसले. मी हुंदका दिला असणार, कारण आचार्य डोळे न उघडताच म्हणाले, 'अंजब्याडरी अक्का, घाबरू नका. आवंढा गिळा, स्वल्प थांबा, कान सुटतात.' आणि सुटले की!

मग पंख दिसला. त्याचं टोक वर-खाली हलत होतं. आमच्याकडे असा पीस थेट नापास मालाच्या लाल पेटीत जातो. मी बटण दाबून हवाई सुंदरीला बोलावलं. केतकी नाव तिचं, चक्क मराठी निघाली. म्हणाली, 'काकू, तो हलायलाच हवा. ताठ असता तर मोडला असता. वाऱ्याचे धक्के तो खातो, म्हणून तुम्हाला बसता येतंय.' कुणीतरी बसून हे मापलं असेल ना, किती वाकायचं आणि कुठे थांबायचं? त्या न पाहिलेल्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आणि मग आम्ही ढगांच्या वर गेलो. प्रांजली, हे मला धड लिहिता येणार नाही. आयुष्यभर मी ढगांची खालचीच बाजू बघत होते. वर लख्ख ऊन, आणि नजर जाईल तिथपर्यंत पिंजलेला कापूस, त्यात डोंगर, दऱ्या, सगळं. कुणीच नाही. खाली त्या पांढऱ्यावरून आमच्या विमानाची एवढीशी सावली पळत होती आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं अख्खं गोल कडं होतं. अर्धं नाही गं, पूर्ण गोल! मी आचार्यांना गदागदा हलवून उठवलं. त्यांनी वाकून बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं. म्हणाले, 'दर महिन्याला येतो-जातो, पण हे कधी बघितलंच नाही. नेहमी झोपतो.' मग आम्ही दोघं खिडकीला नाक लावून बसलो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि भीती कधी गेली ते मला आठवतच नाही. एवढं मोठं जग रोज डोक्यावर होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मावशीकडे जेवायला बसले तेव्हा मनात म्हटलं, झालं, विमान पास. आता पोरीला फोन करून हो सांगायचं. फोन हातात घेतला आणि नंबर लाववेना. परत येताना बसमध्ये सबंध वाट तोच प्रयत्न करत होते, तोंडातून 'हो' निघेना. तेव्हा मला कळलं की मी विमानाला घाबरून तुला अडवलंच नव्हतं. बाबा जाऊन पाच वर्षं झाली. संध्याकाळी मी कामावरून येते तेव्हा तू घरात असतेस. तू गेलीस की कुलूप मला उघडावं लागेल आणि आत कुणी नसेल. मी त्याला घाबरले आणि नाव विमानाचं घेतलं. चुकलं माझं, बाळा. ती भीती माझी आहे, मी तिचं बघून घेईन, तू तुझे दिवस तिच्यापायी घालवू नकोस. हे पत्र तुझ्यापुढे ठेवून मी गच्चीवर कपडे काढायला जाते आहे. मी खाली यायच्या आत जपानवाल्यांना हो लिहून पाठव. खाली येईन तेव्हा माझे डोळे लाल दिसतील. तरी पाठवलेलं उत्तर बदलू नकोस.

तुझीच भित्री,
आई