हवेवर तळलेली रताळी

॥ श्री ॥

इंदिरानगर, नाशिक
२१ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. चंद्रभागामावशीस,
तेजूचा सा. न. वि. वि.

नवनाथने भाजीच्या रिकाम्या क्रेटांबरोबर एक खोकं उतरवलं असेल. त्यात आमचा एअर फ्रायर आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण कानातलं मशीन तू कपाटात जपून ठेवलं आहेस आणि मी काहीही विचारलं तरी तू जेवले म्हणून सांगतेस. शिवाय फोन स्पीकरवर टाकला की सगळं काकांना ऐकू जातं. म्हणून हे पत्र. नवनाथ रोज सायखेड्याहून भाजी घेऊन इकडे येतोच, तेव्हा उत्तर त्याच्याकडेच दे.

गेल्या रविवारी काकांना बघून आले तेव्हापासून मन लागत नाही. सप्टेंबरात बायपास झाली तेव्हा बहात्तर किलोचा माणूस, आता त्रेसष्टवर आला. सारखे भिंतीकडे तोंड करून पडलेले. निघताना तू ओट्याशी मला म्हणालीस की देवाकडे आता एकच मागणं आहे, त्यांनी एकदा ताटावर बसून आणखी वाढ म्हणावं. दोन महिन्यांत त्यांनी काहीसुद्धा मागून घेतलं नाही म्हणालीस. मी बसमध्ये बसून तेच आठवत होते.

कार्तिकीला तू उकडलेली रताळी दिलीस आणि त्यांनी ताट सारलं. सारणारच. एकादशीला तुपात तळलेले काप खाणारा माणूस तो, आणि डॉक्टरांनी नेमकं तळणच बंद केलं. या यंत्रात तेल जवळजवळ लागत नाही, गरम हवेवर पदार्थ कुरकुरीत होतो. रताळी बोटाएवढी लांब चिरायची, चमचाभर शेंगदाण्याचं तेल आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर चोळायचं, १८० वर पंधरा मिनिटं ठेवायचं, मध्ये एकदा टोपली हलवायची. बस.

एवढंच कर, काकांच्या नजरेस ते पडू देऊ नकोस. चाळीस वर्षं पंपाच्या मोटारी रिवाइंड केल्यात त्यांनी, दुकान बंद असलं तरी हात थोडेच बंद आहेत? आमच्या लग्नातला मिक्सर वापरण्याआधी त्यांनी उघडला होता, ते मी अजून विसरले नाही.

लोभ आहे तसाच असू दे, आणि पहिल्या घाण्याची बातमी ताबडतोब कळव.

तुझी,
तेजू

---

॥ श्री ॥

सायखेडा
२५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. तेजस्विनी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मशीन पोचलं. शेजारच्या भागीबाईने ते भाताचं आहे का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं आणि विषय मिटवला.

पण बाई, एकादशीला मक्याचं पीठ? तुझी आई, माझी थोरली बहीण, पाण्यात सुद्धा उपवासाचं-बिनउपवासाचं बघायची आणि तू अशी निघालीस. मी आपली भगर दळून घेतली. चांगली रवाळ लागते.

यंत्र मोठं गुणी आहे. आवाज म्हणून करत नाही. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते, हे पलीकडच्या खोलीत खाटेवर असतात, त्यांना काडीचा पत्ता नाही. तीनदा करून पाहिलं. काप मात्र वाफवल्यासारखे निघतात, वरून ओले आणि आतून गाळ. कुरकुरीत म्हणतेस ते कुठे दिसलं नाही. तिन्ही घाणे भागीबाईच्या शेळीने खाल्ले. ती म्हातारी झाली आहे, तिला दात नाहीत, तिला बरे पडले.

सोमवारी एकादशी आहे. त्या दिवशी हे काप त्यांच्या ताटात पडावेत अशी माझी फार इच्छा आहे. काल त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली झाकून ठेव म्हणाले. झाकून ठेवलेली भाकरी संध्याकाळी मीच खाते, हे त्यांना माहीत आहे.

सहज विचारते, तुम्ही एरवी या यंत्रात काय काय करता? अगदी सहजच हं.

रोहितरावांना नमस्कार, सृष्टीला पापा. आठवण ठेवतेस तशीच ठेवत जा.

तुझी मावशी,
चंद्रभागा

---

॥ श्री ॥

नाशिक
२७ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

यंत्र आवाज करत नाही हे वाचून मी बघतच राहिले. आमच्याकडे ते सुरू झालं की सृष्टी टीव्हीचा आवाज वाढवते. सायखेड्याच्या हवेने सुधारलं म्हणायचं.

आम्ही काय करतो विचारतेस? विचारू नकोस! दर रविवारी रोहितच्या चिकनच्या तंगड्या. त्याचा त्यात इतका हात बसला आहे की आता माझ्या हातचं कोणाला आवडत नाही. बाकी टोस्ट, पापड, शेंगदाणे. सगळं होतं. पाठवताना टोपली साबणाने तीनदा घासली आहे, त्यामुळे निर्धास्त वापर.

आता मऊपणाचं. मी कंपनीतल्या चार जणींना विचारलं. चिरलेली रताळी अर्धा तास गार पाण्यात ठेव म्हणजे वरचा चीक निघून जातो. मग फडक्याने खसखसून पुस. पीठ नुसतं भुरभुरव, लपेटू नकोस. सैंधव शेवटी घाल, आधी घातलंस तर पाणी सुटतं. आणि एका वेळी थोडेच काप ठेव, गर्दी नको. आच २०० कर. एवढं करून जमलं नाही असं होणारच नाही.

खरं सांग, तू टोपलीत तेल ओतलं नाहीस ना? चिडू नकोस, आमच्या मजल्यावरच्या एकीने पाव लिटर ओतलं होतं.

एकादशीचं सविस्तर लिही. माझा जीव तिकडेच आहे. माया पातळ करू नकोस.

तुझी,
तेजू

---

॥ श्री ॥

सायखेडा
२ डिसेंबर २०२५

चि. सौ. तेजस्विनीस,
अनेक आशीर्वाद.

काल एकादशी झाली. तू लिहिलंस त्यातलं अक्षर सोडलं नाही. पाण्यात ठेवलं, पुसलं, मीठ शेवटी घातलं. त्याउपर जास्तीचं मी काही केलेलं नाही. तेल तर मुळीच ओतलं नाही, मला एवढी वेडी समजू नकोस.

तरी काप लोळागोळाच झाले. जरा वरचे निवडून ताटात वाढले आणि मी समोर बसले. त्यांनी एक उचलला, चावला, माझ्याकडे पाहिलं आणि ताटात परत ठेवला. म्हणाले, तू कशाला एवढा जीव आटवतेस, माझं आता काही राहिलेलं नाही. मग हात धुऊन पुन्हा जाऊन पडले.

मी मोरीत जाऊन रडले. तुला लिहायला मला लाज नाही. या दुखण्याआधी सेहेचाळीस वर्षांत हा माणूस माझ्या ताटावरून उपाशी उठला नव्हता. चिडून उठला, भांडून उठला, पण पोट भरून उठला. काप बिघडले त्याचं काही नाही गं. माझं काही राहिलेलं नाही, हे त्यांचं बोलणं मला सोसवत नाही.

आता हे यंत्र तुझं तुला लखलाभ. शनिवारी नवनाथबरोबर परत पाठवते. तुझा त्यात काही दोष नाही, रोहितरावांच्या रविवारात खंड नको.

इकडे थंडी पडली आहे. परसातल्या केळीला पानंच राहिली नाहीत. तू सृष्टीला स्वेटर घालत जा.

तुझ्यावर राग नाही, लोभच आहे.

मावशी

---

सायखेडा
६ डिसेंबर २०२५, शनिवार

चि. तेजू,
आशीर्वाद.

नवनाथ मशीन आणणार होता, त्याऐवजी हे पत्र आणेल. मशीन मी ठेवून घेतलं. मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

तुझी मावशी समजते की मला पत्ता नाही. अगं, ते यंत्र लय आवाज करतं. तिला ऐकू येत नाही म्हणून काय मला येत नाही? पहिल्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या ऐकलं आणि कळलं की आतला पंखा गुदमरतोय. मध्येच काहीतरी फडफडतंय. चाळीस वर्षं आवाजावरून मोटारी ओळखल्या, हे काय अवघड आहे? पण ती लपवते आहे तर लपवू दे म्हटलं. चार वेळा ऐकलं. एकादशीला तर मला उठून ओरडावंसं वाटत होतं की बाई, बंद कर, त्याचा श्वास कोंडलाय.

परवा ती भागीबाईकडे गेली तेव्हा उठलो. काठी घेतली नाही. स्वयंपाकघरात जाऊन टोपली ओढली, तर तळाला केळीचं सुकलेलं पान, चांगलं काठापर्यंत बसवलेलं. म्हणजे हवा फिरायला भोकंच नाहीत. मोटारीची जाळी चिंधीने बांधल्यासारखं झालं. मग तुझं दुसरं पत्र डब्याखाली सापडलं, त्यातल्या तंगड्या वाचल्या आणि सगळं ध्यानात आलं. उपवासाचं अन्न तुमच्या टोपलीला लागू नये म्हणून पान. तुला वाईट वाटेल म्हणून तुला सांगितलं नाही. तीही तिची रीतच आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस.

प्लग काढून सात स्क्रू उघडले. वरच्या कॉइलवर तुमच्या रविवारांची चरबी बसली होती. टोपली तीनदा घासलीस, वरती कोण बघणार? लिंबाने आणि राखेने घासून चकचकीत केली. दोन तास गेले. नंतर भूक लागली म्हणून ओट्याशी उभ्यानेच भाकरीचा पाऊण चंद्र खाल्ला. बरोबर तिची हिरवी मिरची चाखली. डॉक्टरला सांगू नको.

मी जेवत का नाही हे सगळे विचारतात. लिहूनच टाकतो, तोंडाने मला जमणार नाही. तुझ्या मावशीला मिरचीशिवाय घास उतरत नाही, अख्ख्या गावाला माहीत आहे. दोन महिने ती माझ्यासारखंच बिनतिखटाचं खाते आणि मी चावतो तसतशी माझ्या तोंडाकडे बघत बसते. मग मला घास जात नाही. आणि दुकानाचं शटर पाडल्यापासून सगळे मला झोपा म्हणून सांगतात, कोणी काही विचारायला येत नाही. विचारायला येणारी माणसं बंद झाली की माणसाला आपण भंगारात निघाल्यासारखं वाटतं.

पंधराला एकादशी आहे. तोवर तिला काही कळवू नको. मोटार भिजली की आपण आधी तिची ओल पूर्ण मारतो, मगच वॉर्निश लावून भट्टीत ठेवतो, आणि दोन मोटारींच्या मध्ये हवेला वाट ठेवतो. रताळ्याला वेगळा नियम असायचं काही कारण नाही.

तब्येत ठीक. तुझं प्रेम आहेच.

रंगनाथकाका

---

॥ श्री ॥

सायखेडा
१६ डिसेंबर २०२५

चि. सौ. तेजस्विनी हिस,
अनेकानेक आशीर्वाद.

मशीन का आलं नाही, असं तू एका शब्दानेही विचारलं नाहीस, म्हणजे तू यांना सामील आहेस. ते मागाहून बघू.

काल सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. परत गेलं म्हणून समजत होते ते यंत्र ओट्यावर मांडलेलं बघून माझं तर पाणी पाणी झालं. म्हणाले, ओसरीवर जाऊन बस आणि हाक मारल्याशिवाय आत येऊ नकोस. ज्या माणसाने आजवर चहाचं पातेलं हातात धरलं नाही तो विळीवर रताळी चिरायला बसला. सगळी एका जाडीची, तारेसारखी मोजून. पाण्यातून काढून खाटेवर पंचा अंथरला, एकेक काप वेगळा मांडला आणि वरून पंखा लावला. डिसेंबरात! मी शाल लपेटून दारातून बघत होते. तासभर तो माणूस रताळ्यांच्या उशाशी बसला होता. मध्येच एखादा काप गालाला लावून ओल आहे का बघायचा.

मग टोपली माझ्यापुढे धरली. आत पान नव्हतं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, वरची कॉइल घासली आहे, खालची टोपली घासली आहे, दोनशे डिग्रीवर रिकामं मशीन अर्धा तास तापवलं आहे, त्यात कसलाही विटाळ उरत नाही, देवाला हरकत असली तर तो पाप माझ्या नावावर लिहील. तेजू, ते पान मी घातलं होतं. तुला सांगायला मला संकोच वाटला. तू प्रेमाने पाठवलेल्या वस्तूला नाक मुरडलं असं तुला वाटलं असतं, आणि माझ्याच्याने पान सोडवेना. तू मला क्षमा कर.

काप झाले. वर तिखट, सैंधव आणि जिऱ्याची पूड. मोडला की टक्कन आवाज, आत मऊ पिवळा गर. एकाच ताटात दोघं बसलो. ताट त्यांनी माझ्या बाजूला सरकवलं आणि वर दोन हिरव्या मिरच्या ठेवल्या. मला म्हणाले, आज माझ्या तोंडाकडे बघायचं नाही, आपलं आपण खायचं. मी दोन महिन्यांनी मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं, ते मिरचीचं होतं असं मी त्यांना सांगितलं.

मग पानाची सगळी हकीकत त्यांना सांगत बसले. भागीबाईची शेळी, तीन घाणे, भगर दळताना उडालेला गोंधळ. ते छातीच्या टाक्यांवर हात धरून हसत होते. इतकं हसताना मी त्यांना दवाखान्याच्या आधी कधीतरी पाहिलं असेल. हसता हसता त्यांनी ताटात हात घातला, तर ताट रिकामं. सगळे काप बोलण्याच्या नादात मीच संपवले होते, तेजू! त्यांच्या वाट्याला चारपाच आले असतील.

त्यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, आणखी पाहिजेत.

मी सवयीने उठायला गेले, तर खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला खाली बसवलं आणि स्वतः आत गेले. मी ताटावर बसून राहिले. ते रांधत आहेत आणि मी बसून आहे, हे सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा घडलं.

मशीन परत मागू नकोस. माया मात्र मागशील तेवढी मिळेल.

तुझी मावशी,
चंद्रभागा