मेतकुटाच्या डब्यातला ऐवज

सेंगकांग, सिंगापूर
गुरुवार, दुपार

आदरणीय साडूभाऊ संजीवराव यांसी,

दोन्ही गुडघे जेवढं वाकू देतील तेवढा वाकून पांडुरंगाचा नमस्कार. अनघाताईंचा खांदा आता कसा आहे? तुमची साखर? (खरी सांगा. मागच्या वेळी तुम्ही सांगितलेली आणि ताईंनी विद्याला सांगितलेली, यांत साठाचा फरक होता.) इकडे संकेत, सूनबाई किमया आणि नात जाई मजेत आहेत. मला किंचित खोकला झालाय, तो इथल्या एसीमुळे. बाकी सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ते खरं नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुमच्या मनात आलं असेल. तुमचा फोन ताई बघतात, माझा विद्या बघते, आणि सख्ख्या बहिणींच्या पोटात एकमेकींपासून काही राहत नाही. हे पत्र जाईकडे देणार आहे. तिला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. या कामाला घरात तिच्याइतकं भरवशाचं माणूस नाही.

तर झालं असं, की गेल्या शुक्रवारी मी मेतकूट आणायला बॉम्बशेल्टरमध्ये गेलो. (घाबरू नका. इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये युद्ध झालं तर लपायला एक जाड लोखंडी दाराची खोली असते. युद्ध होत नाही म्हणून लोक तिथे तांदूळ, रिकामी खोकी आणि आईवडिलांच्या बॅगा ठेवतात.) तिथे जमिनीवर, आमच्या बॅगेच्या मागे, बोटभर लांबीची एक निळसर वस्तू पडलेली. उचलली आणि लगेच ओळखली. फुली मारलेलं तिचं चित्र मी इथे जागोजाग पाहिलंय. ती व्हेप होती. विजेवर चालणारी सिगारेट म्हणा. इथे ती ओढणं सोडाच, नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे. दंड आहेच, पण परदेशी माणसाचा कामाचा पासही जाऊ शकतो. संकेत पासवर आहे. पास गेला की नोकरी, घर, जाईची शाळा, सगळं एका बोटभर वस्तूपायी गुंडाळून परत.

माझा पहिला संशय संकेतवर गेला. एकतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात आलेला माल तपासण्यात गेली. आमचा नियम असा, की माल खराबच आहे असं धरून चालायचं. चांगला असेल तर ते मालाने सिद्ध करावं. मुलगाही त्याला अपवाद नाही. हल्ली तो जेवल्यावर 'जरा चालून येतो' म्हणतो. चाळिशीचा माणूस आपण होऊन चालायला का जाईल?

पण आरोपाआधी तपासणी हवी. वस्तू घेतली आणि बाथरूममध्ये गेलो. (तपासणीला एकांत लागतो.) बाह्य स्वरूप ठीक, कोपरे गोल, हातात बसते, रंग एकसारखा. वरच्या टोकाला अंगठ्याच्या पेराएवढी पारदर्शक कुपी, तिला हे लोक पॉड म्हणतात. ती चुंबकाने बसते, ओढली की सुटते. कुपीच्या बाजूला रबरी बूच. ते नखाने उघडायचं, अर्क भरायचा, संपला की पुन्हा भरायचा. म्हणजे एकदा घेऊन फेकून देण्याची वस्तू नव्हे, ज्याला ही सवय चालू ठेवायची आहे त्याची वस्तू. यावरून माझा संशय दुणावला. बूच मात्र एकदा उघडल्यावर पुन्हा धड बसेना. कुपी टिश्यूवर पंधरा मिनिटं उलटी धरली तर पाच डाग पडले. आमच्याकडे या बुचावर सबंध लॉट परत गेला असता. अर्क निम्मा शिल्लक, वास आंब्याचा. आंब्याचा म्हणजे ज्याने हापूस फक्त फोटोत पाहिलाय त्याने केलेल्या आंब्याचा. शेरा: नापास. प्रत्यक्ष ओढून पाहण्याची चाचणी केली नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमचा स्वभावही संशयी आहे.

मग ती मेतकुटाच्या रिकाम्या डब्यात लपवली. म्हटलं, संकेत शोधू लागला की पकडू. शनिवारी पाहतो तर डबा घासून पालथा घातलेला आणि वस्तू गायब. रविवारी माझी ब्लडप्रेशरची गोळी घ्यायला डबी उघडली, तर 'रविवार' लिहिलेल्या खणावर ती आडवी ठेवलेली. आणि मागे विद्या पाण्याचा पेला घेऊन उभी.

संजीवराव, पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टीनंतर मी विद्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, की धुराशी संबंध संपला. तुम्ही साक्षीला होतात. (आदल्या महिन्यापर्यंत तुमच्याच गच्चीवर माझ्या शेजारीही होतात, ते मी कधी कोणाला बोललो नाही.) तिने वस्तूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पेला टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी नाश्त्याला कोणी कोणाकडे बघेना. शेवटी जाईनेच विषयाला तोंड फोडलं. तिच्या शाळेत यावर तासभर भाषण झालेलं. वस्तू माझ्या डबीतून उचलून तिने पोह्यांच्या भांड्याशेजारी ठेवली आणि म्हणाली, "आजोबा, धिस वन व्हेरी सीरियस, यू नो. हूज इज इट? जस्ट से, लाह." (वाक्याला 'लाह'चं शेपूट लावायची इथली पद्धत आहे.)

मग एकेकाचं बाहेर आलं. डबा घासताना वस्तू किमयाला सापडली. ती इथल्या नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात नर्स आहे, दिवसभर लोकांची फुप्फुसं पाहते. तिला वाटलं, नवऱ्याची. सासूसासऱ्यांसमोर त्याची शोभा नको म्हणून तिने ती त्याच्या चालायच्या बुटात ठेवली, म्हणजे समजून घेईल. बुटात पाय घातल्यावर संकेतला वाटलं, बाबांची. (मी पूर्वी सिगारेटी बुटात लपवायचो, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. मला ते तेव्हा कळलं.) आईला कळू नये म्हणून त्याने ती माझ्या गोळ्यांच्या डबीत ठेवली, म्हणजे मी समजून घेईन. प्रत्येकाने दुसऱ्याची अब्रू राखली, आणि तोंडाने कोणीच काही विचारलं नाही. पोलीस आले असते तर हा सबंध प्रामाणिक परिवार एका गाडीत गेला असता.

त्याच दिवशी आम्ही पाचही जण मिळून ती टाकायला गेलो. इथे कम्युनिटी क्लबमध्ये त्यासाठी पेटी असते, कोणी काही विचारत नाही. वस्तू तीन पिशव्यांत गुंडाळून किमयाच्या पर्समध्ये, पुढे संकेत, मागे मी. वाटेत एक बाई आमच्याकडे बघून हसली, तर मला ती साध्या वेशातली पोलीस वाटली. (तिच्या हातात कोबी होता. तोही मला संशयास्पद वाटला.) पेटीत टाकल्यावर संकेतने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो बारावी पास झाला होता त्यानंतर पहिल्यांदाच. मला भरून आलं, आणि लगेच वाटलं, याला अजून माझीच वाटतेय.

कारण प्रश्न उरलाच होता, की होती कोणाची? इतिहास घरात एकट्याचाच असल्याने सगळे माझ्याकडे बघतात. विद्या चार दिवस कामापुरतं बोलतेय. "जेवायला वाढलंय" यापुढे गाडी जात नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझं बरंच काही खपवून घेतलं, पण ती शपथ मोडली असं तिला वाटतंय, हे मला सोसत नाही. असो. पत्र लांबलं. ताईंना नमस्कार, खांदा शेकायला सांगा.

तुमचा,
पांडुरंग

ता. क. १: मुद्दा राहिलाच. आम्ही आणलेली मोठी बॅग तुमची. काल तिचा आतला चोरकप्पा तपासला. चेन उसवलेली, आणि आत मँचेस्टरच्या बसची दोन तिकिटं. गेल्या वर्षी तुम्ही तिथे लेकीकडे, मैत्रेयीकडे दोन महिने राहून आलात ना? मी विद्याला तिकिटं दाखवली. ती म्हणाली, "भावोजींचं नाव घेऊ नका. ते देवमाणूस आहेत." तेव्हा कृपा करून तिला एक फोन करा आणि सांगा, की वस्तू तुमची होती.

ता. क. २: तुमची नसून मैत्रेयीची असेल, तरीही तुमचीच म्हणून सांगा. पोरीला ताई फोनवर रडवतील. आपल्याला काय, आपण रडवून घेतलेलीच माणसं.

ता. क. ३: भावोजी, हे अक्षर माझं, विद्याचं. जाईने पाकिटावर पत्ता घालायला माझ्याकडे आणून दिलं. ते उघडंच होतं, म्हणून वाचलं. (बंद असतं तरी वाचलं असतं.) वस्तू ह्यांची नाही, हे मला सोमवारीच कळलं होतं, संकेतच्या बापाला एवढी अद्ययावत वस्तू विकत घेणं जमायचं नाही. मी बोलत नाहीये ते दुसऱ्याच कारणाने. तपासणी केली त्या शुक्रवारी हे बाथरूममधून बाहेर आले ते खोकतच, आणि ह्यांच्या बनियनला आंब्याचा वास येत होता. या घरात अजून आंबा आलेला नाही. सोमवारी सगळं जुळलं, आणि ती सबंध रात्र मी ह्यांच्या छातीकडे बघत बसले. खोकला आता उतरलाय, किमयाकडून गुपचूप तपासूनही घेतलंय, काळजी नाही. पुन्हा हात लावायचे नाहीत, चांगलेच घाबरलेत. मला कळलंय हे मात्र ह्यांना कळू देऊ नका, फार खजील होतील. तुम्ही रविवारी सकाळी फोन करा आणि तुमचीच होती म्हणून सांगा. मी खरं मानेन, आणि त्या दिवशी ह्यांच्याशी बोलायला लागेन.